कॅलिफोर्निया, १९१६ : तेरा निर्वाचक आणि ३,७७३ मते

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक ही एक निवडणूक नसून अनेक निवडणुकांची बेरीज आहे, हे वाक्य राज्यशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी वहीत उतरवून घेतो आणि परीक्षेत लिहूनही येतो. परंतु त्या वाक्याचा खरा अर्थ ध्यानात येण्यासाठी एखादे राज्य घेऊन ते एका निवडणुकीपुरते बारकाईने पाहावे लागते. प्रस्तुत लेखात त्यासाठी कॅलिफोर्निया हे राज्य आणि १९१६ ची निवडणूक निवडली आहे. या निवडणुकीत एका राज्याने साऱ्या देशाचा निकाल ठरविला. तो का व कसा ठरविला, याविषयी एक गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. ती गोष्ट मनोरंजक आहे. ती कितपत खरी आहे, हे तपासणे मात्र अधिक उपयुक्त आहे.

रचना

अमेरिकन मतदार अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देत नाही. तो आपल्या राज्यातील निर्वाचकांना मत देतो आणि ते निर्वाचक पुढे अध्यक्षाची निवड करतात. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहातील त्याच्या जागा अधिक सिनेटमधील दोन जागा इतके निर्वाचक मिळतात. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियाचे अकरा प्रतिनिधी व दोन सिनेटर होते. म्हणून निर्वाचक तेरा. सर्व राज्ये मिळून निर्वाचकांची संख्या ५३१ होती आणि विजयासाठी २६६ हवे होते.

आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही निर्वाचकगण आहे, परंतु दोहोंत मोठा फरक आहे. आपल्या राज्यघटनेच्या ५४ व्या अनुच्छेदानुसार तो संसदेच्या व विधानसभांच्या निवडून आलेल्या सभासदांचा बनतो. अमेरिकेत निर्वाचक केवळ याच एका कामासाठी निवडले जातात. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पसंतीक्रमाची पद्धत असल्याने विजेत्याला ठरलेला कोटा, म्हणजे वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक, गाठावा लागतो. १९६९ मध्ये पहिल्या पसंतीत कोणालाच तो गाठता आला नाही व दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर व्ही. व्ही. गिरी निवडून आले. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मात्र ज्याला सर्वांत अधिक मते, त्याला राज्याचे सगळे निर्वाचक, असा प्रकार आहे. मग ती मते निम्म्याहून कमी असली तरी चालते, आणि आघाडी एका मताची असली तरी चालते.

कॅलिफोर्नियात त्या काळी आणखी एक विशेष होता. तेथे मतदार तेरा निर्वाचकांना एकगठ्ठा नव्हे, तर एकेकाला नावाने मत देत असे. त्यामुळे एकाच पक्षाच्या तेरा निर्वाचकांची मते थोडीथोडी वेगळी पडत. लढत अटीतटीची झाली की निर्वाचक दोन पक्षांत विभागले जाण्याचा संभव असे. १९१२ मध्ये नेमके तसेच झाले.

१९१२ ची पार्श्वभूमी

१९१२ मध्ये रिपब्लिकन पक्ष दुभंगला. विद्यमान अध्यक्ष टॅफ्ट एका बाजूला राहिले आणि माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रोग्रेसिव्ह पक्ष काढून स्वतंत्र उमेदवारी केली. त्यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर हायरम जॉन्सन. या फुटीचा लाभ होऊन डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन सुमारे ४२ टक्के मतांवर अध्यक्ष झाले.

कॅलिफोर्नियात रिपब्लिकन पक्षाची यंत्रणा जॉन्सन यांच्या हाती होती. त्यामुळे विद्यमान अध्यक्ष असूनही टॅफ्ट यांना तेथील मतपत्रिकेवर स्थान मिळाले नाही. त्यांचे नाव हाताने लिहून मत द्यावे लागले. रूझवेल्ट यांना २,८३,६१० आणि विल्सन यांना २,८३,४३६ मते पडली. अंतर अवघे १७४. तेरा निर्वाचकांपैकी अकरा रूझवेल्ट यांना आणि दोन विल्सन यांना मिळाले. समाजवादी उमेदवार यूजीन डेब्स यांनीही तेथे सुमारे ७९ हजार मते घेतली. ही शेवटची संख्या वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

जॉन्सन हे साधे गव्हर्नर नव्हते. सदर्न पॅसिफिक या बलाढ्य रेल्वे कंपनीची राज्याच्या राजकारणावरील पकड मोडण्याचे वचन देऊन ते १९१० मध्ये निवडून आले होते. १० ऑक्टोबर १९११ रोजी त्यांच्या कारकिर्दीत अनेक घटनादुरुस्त्या मतदारांपुढे आल्या व संमत झाल्या. जनतेने स्वतः कायदा सुचविण्याचा, विधिमंडळाचा कायदा लोकमतास लावण्याचा आणि निवडून दिलेल्या अधिकाऱ्यास परत बोलावण्याचा हक्क त्यांतून मिळाला. त्याच दिवशी स्त्रियांना मताधिकार मिळाला, तोही केवळ ३,५८७ मतांच्या फरकाने. सॅन फ्रान्सिस्को शहराने तर विरोधी कौल दिला होता. ग्रामीण भागाने तो प्रस्ताव तारला.

या सुधारणांमुळे जॉन्सन लोकप्रिय झाले आणि रिपब्लिकन पक्षातील जुन्या, सनातनी गटाचे कायमचे वैरी झाले. १९१६ चे नाट्य या वैरातून उभे राहिले.

दोन उमेदवार

१९१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाने चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांना उमेदवारी दिली. ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते व १९१० पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. उमेदवारी मिळताच त्यांनी न्यायासनाचा राजीनामा दिला. सहा वर्षे न्यायासनावर असल्यामुळे १९१२ च्या भांडणापासून ते अलिप्त राहिले होते, आणि म्हणूनच दोन्ही गटांना चालतील अशी अपेक्षा होती. रूझवेल्ट यांनी प्रोग्रेसिव्ह पक्षाची उमेदवारी नाकारून ह्यूज यांना पाठिंबा दिला. टॅफ्ट आणि रूझवेल्ट यांची १९१२ ची मते एकत्र केली तर ती विल्सन यांच्यापेक्षा बरीच अधिक भरत होती. कागदावरचे गणित सोपे होते.

विल्सन यांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. युरोपात १९१४ पासून महायुद्ध पेटले होते आणि अमेरिका त्यात उतरली नव्हती. विल्सन यांनी आम्हाला युद्धापासून दूर ठेवले, हाच त्यांच्या पक्षाच्या प्रचाराचा मुख्य सूर होता. दुसरी गोष्ट कामगारांची. रेल्वे कामगारांच्या देशव्यापी संपाचे सावट असताना सप्टेंबर १९१६ मध्ये विल्सन यांनी ॲडम्सन कायद्यावर सही केली आणि रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस मिळाला. ह्यूज यांनी या कायद्यावर कठोर टीका केली.

लाँग बीच येथील हॉटेल

ऑगस्ट १९१६ मध्ये ह्यूज प्रचारासाठी कॅलिफोर्नियात आले. वेळ अडचणीची होती. जॉन्सन सिनेटसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागत होते आणि त्या पक्षांतर्गत निवडणुकीची तारीख होती २९ ऑगस्ट. ह्यूज यांच्या दौऱ्याची व्यवस्था जॉन्सन यांच्या विरोधकांच्या हाती होती. पक्षांतर्गत वादात आपण पडू नये, अशी ह्यूज यांची भूमिका होती. तत्त्वतः ती योग्यही होती. पण ज्यांच्या गाडीतून फिरायचे त्यांच्याच गटात आपण मोजले जातो, हे त्या न्यायाधीशांना उमगले नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत आणखी एक चूक झाली. २२ जुलै रोजी त्या शहरात युद्धसज्जतेच्या मिरवणुकीत बॉम्बस्फोट होऊन दहा माणसे ठार झाली होती. त्यानंतर मालक आणि कामगार संघटना यांच्यातील तेढ विकोपास गेली होती. उपाहारगृहांतील कामगारांचा संप चालू होता. अशा वेळी ह्यूज यांनी व्यापाऱ्यांच्या कमर्शियल क्लबमधील भोजनास हजेरी लावली आणि तेथे वाढणारे लोक संघटनेचे नव्हते. कामगारांनी ही गोष्ट विसरण्याचे कारण नव्हते.

मग २० ऑगस्टचा रविवार उजाडला. लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीच येथे व्हर्जिनिया नावाच्या हॉटेलात ह्यूज काही वेळ थांबले. त्याच वेळी त्याच हॉटेलात जॉन्सनही होते. जॉन्सन यांना ह्यूज तेथे असल्याचे कळले होते. ह्यूज यांना जॉन्सन तेथे असल्याचे कोणी सांगितले नाही. जॉन्सन आपणहून भेटीस गेले नाहीत. ह्यूज निघून गेले. पुढे लॉस एंजेलिसला पोहोचल्यावर त्यांना हे समजले, तेव्हा त्यांनी दिलगिरी कळविण्यासाठी माणूस धाडला. पण बूंद से गई वो हौद से नहीं आती, अशी गत झाली. राज्याच्या गव्हर्नरला ह्यूज यांनी साधा हातही दिला नाही, ही बातमी सर्वत्र झाली.

नऊ दिवसांनी जॉन्सन यांनी पक्षांतर्गत निवडणूक जिंकली. आता पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार ह्यूज आणि सिनेटचे उमेदवार जॉन्सन, दोघे एकाच मतपत्रिकेवर. जॉन्सन यांनी ह्यूज यांना पाठिंबा जाहीर केला, भाषणेही केली. त्या पाठिंब्यात ऊब किती होती, यावर मात्र तेव्हाही वाद होता.

मतमोजणी

७ नोव्हेंबर १९१६ रोजी मतदान झाले. रात्री पूर्वेकडील राज्यांचे निकाल येऊ लागले. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय ही मोठी राज्ये ह्यूज यांना मिळाली. विल्सन ज्या राज्याचे गव्हर्नर होते ते न्यू जर्सीही ह्यूज यांच्याकडे गेले. न्यूयॉर्कमधील काही वृत्तपत्रांनी ह्यूज विजयी झाल्याचे जाहीरही करून टाकले. पण ओहायो विल्सन यांच्याकडे गेले आणि नंतर पश्चिमेकडून एकामागून एक राज्ये त्यांच्या पारड्यात पडू लागली. अखेरीस सगळ्यांचे डोळे कॅलिफोर्नियाकडे लागले. तेथील दुर्गम भागांतून आकडे येण्यास दोन-तीन दिवस लागले.

तेथील निकाल असा :

विल्सन : ४,६६,२८९ (४६.६५ टक्के)
ह्यूज : ४,६२,५१६ (४६.२७ टक्के)
समाजवादी उमेदवार बेन्सन : सुमारे ४३ हजार
दारूबंदी पक्षाचे हॅनली : सुमारे २८ हजार

अंतर ३,७७३. सुमारे दहा लाख मतदारांत हे अंतर दर हजारी चारसुद्धा भरत नाही. विल्सन यांना मत देणाऱ्यांपैकी १,८८७ जणांनी ह्यूज यांना मत दिले असते, तर राज्य फिरले असते. देशाचा निकाल २७७ विरुद्ध २५४ असा लागला. आता विल्सन यांच्यातून तेरा वजा करून ह्यूज यांच्यात मिळवा : २६४ विरुद्ध २६७. म्हणजे ह्यूज अध्यक्ष झाले असते, तेही देशभरात सुमारे पाच लाख ऐंशी हजार मते कमी असताना. ह्यूज यांनी घाई केली नाही. पराभव मान्य करणारी त्यांची तार २२ नोव्हेंबरला गेली.

त्याच मतपत्रिकेवर सिनेटसाठी जॉन्सन यांना ५,७४,६६७ मते मिळाली आणि ते जवळजवळ तीन लाखांच्या आघाडीने निवडून आले. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज पॅटन हे दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या जनरल पॅटन यांचे वडील होत.

हस्तांदोलनाने अध्यक्षपद गेले काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जॉन्सन यांना ह्यूज यांच्यापेक्षा १,१२,१५१ मते अधिक मिळाली. यावरून सर्रास असा निष्कर्ष काढला जातो की लाँग बीचला हस्तांदोलन झाले असते तर ह्यूज जिंकले असते. हा निष्कर्ष घाईचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याची कारणे तीन.

पहिले कारण : हे अंतर अपमानामुळेच पडले, असे सिद्ध होत नाही. जॉन्सन यांना पक्षाच्या सीमा ओलांडून मते मिळत. १९१४ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह म्हणून गव्हर्नरपदी पुन्हा निवडून आले होते. सिनेटला जॉन्सन आणि अध्यक्षपदाला विल्सन असे मत देणारा मतदार हॉटेलात काहीही घडले असते तरी असणारच होता.

दुसरे कारण तुलनेचे आहे आणि ते अधिक वजनदार आहे. वॉशिंग्टन, आयडाहो, मोंटाना, वायोमिंग, कोलोराडो, युटा, नेवाडा, ॲरिझोना, कॅन्सस या सर्व राज्यांनी विल्सन यांनाच कौल दिला. तेथे ना जॉन्सन होते, ना व्हर्जिनिया हॉटेल. पश्चिमेकडील शेतकऱ्यांत व कामगारांत वाहणारे वारेच त्या वर्षी विल्सन यांच्या दिशेचे होते. कॅलिफोर्निया त्या वाऱ्याला अपवाद ठरले नाही, एवढेच.

तिसरे कारण राज्यातील आकड्यांतच आहे. समाजवादी मते १९१२ च्या ७९ हजारांवरून ४३ हजारांवर आली, आणि तेही एकूण मतदान बरेच वाढले असताना. युद्धविरोध आणि आठ तासांचा दिवस यांमुळे त्यांतील बरेच मतदार विल्सन यांच्याकडे वळले असावेत, असा तर्क करता येतो. सॅन फ्रान्सिस्कोने विल्सन यांना सुमारे पंधरा हजारांची आघाडी दिली. लॉस एंजेलिस काउंटीत ह्यूज पुढे होते, पण राज्य राखण्यास ती आघाडी अपुरी पडली. उपाहारगृहातील संप आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कौल यांचा संबंध हॉटेलातील न झालेल्या भेटीपेक्षा अधिक सरळ दिसतो.

स्त्रियांच्या मतांविषयीही असेच सावध राहावे लागते. स्त्रियांना अध्यक्षपदासाठी मत देता येत होते अशी बारा राज्ये होती. त्यांपैकी दहा विल्सन यांना मिळाली. स्त्रियांनी शांततेसाठी मत दिले, असे त्यामुळे म्हटले जाते. गंमत अशी की स्त्री-मताधिकाराची राष्ट्रीय घटनादुरुस्ती व्हावी असे उघडपणे म्हणणारे ह्यूज होते. विल्सन हा प्रश्न राज्यांवर सोपवू पाहत होते. परंतु कॅलिफोर्नियात स्त्रियांची मते वेगळी मोजली गेलीच नाहीत. इलिनॉयमध्ये ती वेगळी मोजली गेली, आणि तेथे स्त्रियांनीही ह्यूज यांनाच आघाडी दिली. बारा राज्यांपैकी ज्या एका राज्यात पुरावा आहे, तेथे तो लोकप्रिय समजुतीच्या विरुद्ध जातो.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि लोक कावळ्याला दोष देतात. फांदी आधीच किती कुजलेली होती, हे पाहण्याचे श्रम कोणी घेत नाही. ३,७७३ इतक्या अल्प अंतरात कोणतेही कारण ‘निर्णायक’ ठरविता येते : संप म्हणावे, शांतता म्हणावी, स्त्रिया म्हणाव्यात, हस्तांदोलन म्हणावे. प्रत्येक विधान आपापल्या जागी खरे वाटते, आणि त्यामुळेच एकट्याने कोणतेही पुरेसे ठरत नाही. न्याय्य विधान इतकेच करता येईल : लाँग बीचच्या प्रसंगाने ह्यूज यांचे नुकसान झाले, ते नुकसान निकाल फिरविण्याइतके असण्याचा संभव आहे, परंतु पश्चिमेचा कल आधी विल्सन यांच्याकडे झुकलेला नसता, तर त्या प्रसंगाला इतकी किंमत आली नसती. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत किंवा आपल्या गावच्या निवडणुकीची चिकित्सा करताना विद्यार्थ्यांनी हा भेद पाळावा. आपल्याकडेही निकालानंतर अमुक एका सभेने किंवा अमक्याच्या रुसव्याने जागा गेली, असे छातीठोकपणे सांगितले जाते.

मतदार कोण होते?

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. दहा लाख मतदारांत कॅलिफोर्नियातील सगळे लोक नव्हते. चिनी व जपानी स्थलांतरितांना नागरिकत्व घेता येत नव्हते. १९१३ च्या राज्य कायद्याने नागरिकत्वास अपात्र परकीयांना शेतजमिनीची मालकी नाकारली होती. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर जॉन्सनच होते. सुधारकाच्या हाताने अन्यायही होतो, हे इतिहासाचा विद्यार्थी विसरू शकत नाही. त्याच सॅन फ्रान्सिस्कोत १९१३ पासून गदर पक्षाचे कार्यालय होते. पांडुरंग खानखोजे आणि विष्णू गणेश पिंगळे ही महाराष्ट्राला परिचित नावे त्या चळवळीशी जोडलेली आहेत. पुढे १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांनाही नागरिकत्वाचे दार बंद केले. ते १९४६ मध्ये उघडले.

उपसंहार

शांततेच्या नावावर मिळालेला हा विजय पाच महिनेही शांततेचा राहिला नाही. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. जानेवारी १९१८ मध्ये विल्सन यांनी आपली चौदा कलमे मांडली, आणि १९१९ च्या आरंभी लंडनहून लोकमान्य टिळकांनी त्यांनाच पत्र लिहून हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. राष्ट्रसंघाच्या कराराला सिनेटमध्ये कट्टर विरोध करणाऱ्यांत एक होते हायरम जॉन्सन. ते १९४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत सिनेटर राहिले. ह्यूज १९३० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले.

१९११ मध्ये ३,५८७ मतांनी राज्यातील स्त्रियांना मत मिळाले. पाच वर्षांनी ३,७७३ मतांनी देशाचा अध्यक्ष ठरला. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरमध्ये विल्सन ५६ मतांनी आणि मिनेसोटामध्ये ह्यूज ३९२ मतांनी पुढे होते, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. आपल्या एका मताने काय होणार, असे म्हणून मतदानाच्या दिवशी घरी बसणाऱ्यास या आकड्यांतून उत्तर मिळते. आणि आपल्याच एका कारणाने सारे झाले, असे म्हणणाऱ्यासही मिळते.